दुसऱ्या वेळची ऊब

शिंगांसारखी दोन टोकं असलेल्या माझ्या इलेक्ट्रिक गिटारला नवे हंबकर बसवायचे होते. हंबकर म्हणजे तारांखालचा दुहेरी पिकअप. तो तारांची थरथर उचलतो आणि घरघर गाळून टाकतो. कुठला घ्यावा, हे मी महिनाभर वाचत होतो. शेवटी बायको म्हणाली, "वाचून आवाज कळतो का? चला दुकानात."

गिटार दुरुस्त करणाऱ्या पिंटोकाकांकडे वेगवेगळे हंबकर लावलेल्या दोन गिटारी होत्या. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकच धून दोनदा वाजवली.

"दुसरी," मी ठामपणे म्हणालो. "तिच्यात ऊब आहे."

"दोन्ही वेळा एकच गिटार होती," काका शांतपणे म्हणाले.

बायकोने हसू दाबलं. मग म्हणाली, "पण काका, मलाही दुसऱ्यांदाच छान वाटलं."

काकांनी जरा विचार केला. "खरंय. पहिल्यांदा हात आखडलेला होता."

म्हणजे जी ऊब मी विकत घ्यायला निघालो होतो, ती काकांच्या बोटांत होती. त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. वाचण्याच्या नादात महिनाभर मी तारांना हातही लावला नव्हता. दोनच मिनिटांत माझी बोटं हुळहुळायला लागली.

लाल झालेली बोटं बघून काका म्हणाले, "हंबकरचं पुढच्या महिन्यात बघू."