भांडणवाले सर

वर्गात बोलणाऱ्याला बाहेर काढणारे मास्तर सगळ्यांनीच पाहिलेत. आमचे भांडणवाले सर गप्प बसणाऱ्याला काढत. बी.कॉम.ला ते स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. फळ्यावर प्रश्न लिहायचे. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर अ, ब, क लिहून आणलेलं असायचं, त्यातलं एक वर धरायचं. सर नजर फिरवून म्हणत, "एकमत न्हाय. शेजाऱ्याशी भांडा. हात न्हाय, कारण वापरायचं."

कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजतात. त्यात आम्ही ऐंशी जण. शेवटी शेजारच्या वर्गातल्या मॅडम खडू टाकून प्राचार्यांकडं गेल्या.

प्राचार्य तासाला येऊन बसणार, नुसता गोंधळ दिसला तर उद्यापासून हे बंद, असं ठरलं. या विषयात मी दोनदा आपटलो होतो. वडिलांनी, आमच्या आबांनी, बजावलं होतं, "औंदा नापास झालास तर शेण काढाय घरी ये." आणि मला जे काही कळायला लागलं होतं, ते या भांडणातच.

प्राचार्य नेमके माझ्याच बाकावर बसले. सरांनी त्यांच्याही हातात पत्रिका दिल्या. प्रश्न असा: पाच म्हशी, दूध चार, पाच, सहा, सात आणि आठ लिटर. आठवाली एकदम अठरा देऊ लागली, तर काय बदलेल? अ सरासरी, ब मध्यक, की क दोन्ही? असली म्हैस वारणेकाठी आमच्या गोठ्यात तरी कधी जन्मली नाही. मी सरासरी म्हटलं. प्राचार्यांनी 'क' वर धरलं, म्हणजे दोन्ही.

"भांडा," सर म्हणाले. सगळे माझ्याकडं बघत होते.

"सर, चुकलंय तुमचं," मी प्राचार्यांना म्हणालो.

"कसं काय?" प्राचार्यांचा आवाज चढला.

"दुधाप्रमाणं ओळीत उभ्या करा की म्हशी. मधली कुठली? सहावाली. कडंची अठरा देऊ दे न्हायतर ऐंशी, मधली जागची हलती व्हय?"

"पण दूध वाढलं ना?"

"म्हणून सरासरी वाढली. मध्यक म्हणजे मधली म्हैस. ती हाय तिथंच हाय."

प्राचार्यांनी हातातली पत्रिका बदलून 'अ' वर धरलं. जाताना म्हणाले, "चालू ठेवा. खिडक्या तेवढ्या लावून घ्या."

मी पास झालो. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. पाया पडून म्हणालो, "सर, तुमच्यामुळं सुटलो."

"माझ्यामुळं? वर्षभरात एक तरी उत्तर मी तुला सांगितलंय का?"

मी आठवू लागलो. फळ्यापाशी जाऊन समजवायचं कामसुद्धा ते आमच्यातल्याच कुणाला तरी लावायचे. खरंच एकही उत्तर सापडेना, आणि सापडेना म्हणूनच मला रडू आवरेना.