सावळ्याला एक घर जास्त

माझ्याकडे कॅमेरा आला तो दौंडच्या एका रेल्वे गार्डाकडून. नोकरी संपवून तो आपल्या मुलखाला निघाला होता आणि नको असलेलं सामान त्याने क्वार्टरच्या ओट्यावर मांडलं होतं. सतरंजी, स्टोव्ह, कुत्र्याची साखळी आणि हा कॅमेरा. घडीचा होता. खटका दाबला की पुढचं झाकण पडायचं आणि आतून पेटीसारखा काळा भाता बाहेर यायचा. एका रोलवर बारा फोटो निघायचे. बारातले तीन बरे आले तर मी तो आठवडा खुशीत काढायचो.

तेव्हा मी शिरूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि घर होतं खुटबावला. शनिवारी दुपारी सुटायचो आणि एस.टी. बदलत संध्याकाळी घरी पोचायचो. गळ्यातला कॅमेरा बघून एक कंडक्टर मला पेपरवाला समजायचा आणि पुढची जागा द्यायचा. मीही त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

कचेरीतले लोक म्हणायचे, साहेबाला छंद लागलाय. निसर्गदृश्यं काढा, स्पर्धेला पाठवा, असं एकाने सुचवलं. मला स्पर्धा नको होती, निसर्गही नको होता. मला माझ्या बहिणीचा एक चांगला फोटो हवा होता.

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. घरात आम्ही तिला सावळी म्हणायचो, गाव काळी म्हणायचं. सातवी शिकलेली, कामाला चपळ, आणि जिभेला धार अशी की आमचे वडील, आबासुद्धा तिच्या वाटेला जात नसत. ती बोलायला लागली की बघत राहावं असा चेहरा होता तिचा. मी भाऊ म्हणून सांगत नाही. पण नोकरीवाली मुलं तेव्हा आधी फोटो मागवायची आणि फोटो पसंत पडला तरच बघायला यायची. शिरूरच्या स्टुडिओत तिचे दोन फोटो काढून झाले होते. दोन्हींत एक काळा डाग आणि त्यात दोन पांढरे डोळे. आई पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून फोटो पाठवायची आणि पंधरा दिवसांत तो परत यायचा. सोबत चिठ्ठी नसायची. फोटो परत आला हीच चिठ्ठी.

असे पाच परत आले, तेव्हा मी घरात जाहीर केलं की फोटो मी काढणार. आबांनी मान हलवली. बहीण म्हणाली, "काढ बाबा. स्टुडिओवाल्यानं बिघडवली, आता घरच्यानं बिघडव."

सुरुवातीला तिचं म्हणणं खरंच ठरलं. मी उन्हात उभी केली तर डोळे मिटायची, सावलीत बसवली तर दिसायचीच नाही. प्रत्येक वेळी मी उन्हाला नावं ठेवायचो, रोलला नावं ठेवायचो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी रोल मात्र दुसऱ्या एका स्टुडिओत धुवायला द्यायचो. त्याचे मालक साठीचे होते. सगळं शिरूर त्यांना मामा म्हणायचं. तोंडात तंबाखू, बोटं औषधाने पिवळी. माझ्या निगेटिव्ह उजेडाला धरून ते नुसतं "अरारारा" करायचे. पुष्कळ आर्जवं केल्यावर एकदाचे बोलले, "कॅमेऱ्यावरचे ते आकडे म्हंजी घरं समजा. गोऱ्या मानसाला लागतोय तेवढा उजेड द्या. सावळ्याला एक घर जास्त. आन् समोरनं उजेड परत फेकायचा, पांढरं काय तरी लावून."

ही गुरुकिल्ली मी जपून घरी नेली. पुढच्या रविवारी दुपारी बहिणीला चुन्याच्या भिंतीपाशी बसवलं आणि समोर आबांचं नवं धोतर दोरीवर ताणून बांधलं. ऊन धोतरावर पडून तिच्या तोंडावर यायचं. एक घर जास्त दिलं. मग मोह झाला आणि आणखी एक दिलं. उरलेलं काम मामांनी केलं. त्यांनी निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवली; तिथे काळं केलं की फोटोत गोरं उमटतं. त्यांच्या दुकानातून कुणीही काळं बाहेर पडत नसे, हा त्यांचा लौकिक होता.

फोटो आला आणि घरात आनंदीआनंद झाला. चेहरा गोरापान, गुळगुळीत, नाकाची कड तेवढी ओळखीची. आईने दृष्ट काढली, तीही फोटोची. बहिणीने तो चार-चारदा बघितला. एरवी मला टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "दादा, तुला कला आली की रं." मी फुगलो. आज लाज वाटते, पण तेव्हा फुगलो होतो.

तो फोटो परत आला नाही. दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर असलेल्या मुलाकडून निरोप आला की बघायला येतो.

आले तिघं. मुलगा, त्याचा बाप आणि त्याचा मामा. दौंडहून पॅसेंजरने खुटबावला उतरले. बहीण पोह्यांच्या बशा घेऊन आली, बशा ठेवल्या, पाटावर बसली. मुलाच्या मामाने खिशातल्या डायरीतून फोटो काढला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, परत फोटोकडे. मग आबांना म्हणाला,

"पावनं, आता फोटुतली पोरगी बोलवा की."

"हीच ती," आबा म्हणाले.

"आवं, आमाला येडं समजू नका. ही थोरली दिसती. धाकटीचा फोटू दावायचा आन् थोरली गळ्यात मारायची, ह्ये आमी लई बघितलंय."

"मला एकच लेक हाय."

"मग ह्यो फोटू कुनाचा?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण बापावर लबाडीचा आळ आलेला मला सहन होईना. मी उठलो आणि त्यांना सगळं समजावून सांगू लागलो. भिंत दाखवली. धोतर कुठे बांधलं होतं ते दाखवलं. दोन घरं कशी जास्त दिली ते सांगितलं. पेन्सिलचं आठवलं, तेही सांगून टाकलं. फोटो हिचाच आहे हे मी अगदी पुराव्यानिशी सिद्ध केलं.

तो माणूस शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी रंग तुमी दिला, असं म्हना की."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलगा सगळा वेळ दारातल्या स्वतःच्या चपलांकडे बघत होता. फोटो पाटाजवळ ठेवून तिघं उठले. पोह्यांना कुणी हात लावला नव्हता. बहीण तशीच बसून राहिली. मग तिने बशा उचलल्या, आत नेल्या आणि चुलीपुढे बसून एकटीने ते गार पोहे खाल्ले, तिन्ही बशा. आई म्हणाली, "ठेव गं, नको खाऊ." ती म्हणाली, "टाकायचं कशाला?" माझ्याशी ती पुढचे तीन रविवार बोलली नाही. मला ते बरंच वाटलं, कारण बोलली असती तर काय उत्तर द्यायचं हे मला ठाऊक नव्हतं.

गोष्ट यवतच्या बाजारापर्यंत गेली. त्याचा परिणाम मात्र मला वाटला होता त्याच्या उलट झाला. लोक हसतील म्हणून मी तोंड लपवत होतो, आणि लोक पोरी घेऊन दारात यायला लागले. "आमच्या पोरीचा बी तसलाच काडा की. काळ्याचं गोरं करता म्हनं." एका बाईने तर नवऱ्याचं धोतरसुद्धा बरोबर आणलं होतं. मी कुणाला रोल संपला म्हणून सांगितलं, कुणावर खेकसलो. पोरी मान खाली घालून परत जायच्या. त्यांचा काय दोष होता? पण माझा राग त्यांच्यावरच निघायचा.

मी शिरूरला जाऊन मामांशी भांडलो. पेन्सिल का फिरवली म्हणून. ते म्हणाले, "फिरवू नका म्हनून कवा सांगितलंत?" ते खरं होतं. मग त्यांनाच विचारलं, की काळा माणूस काळाच दिसावा आणि चांगला दिसावा, असा उजेड कसा करायचा? त्यांनी तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाले, "चाळीस वर्सांत असलं गिऱ्हाईकच आलं न्हाई."

म्हणजे शिकवणारा कुणी नव्हता. पुण्यातून एक फोटोग्राफीचं पुस्तक आणलं, तर त्यातल्या सगळ्या बाया दुधासारख्या. पुढची दोन वर्षं मी सापडेल त्याच्यावर रोल जाळले. राहू गावच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारे, स्टेशनवरचे हमाल, आणि शेवटी आमची म्हैस. माणसं कंटाळून उठायची, म्हैस उठत नसे. बहीण म्हणाली, "आता म्हशीवर हात बसवून मग माज्याकडं येनार व्हय?" ती हसत म्हणाली, पण ते मला लागलं. कारण खरोखर तेच चाललं होतं.

आणि जे शिकलो ते म्हशीकडूनच शिकलो, हे मी तिला कधीही सांगितलं नाही. एकदा म्हैस हौदावरून धुऊन आणली आणि गोठ्याच्या दारात बांधली. उजेड एका बाजूने येत होता. ओल्या अंगावर तो चमकत होता आणि पाठ, खांदा, मान, सगळं वेगवेगळं कोरल्यासारखं दिसत होतं. समोरून ओतलेल्या उजेडात ते सगळं पुसून जायचं. काळ्या रंगावर उजेड फेकायचा नसतो, त्याला कडेने येऊन चमकू द्यायचं असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं आणि कितीतरी रोल लागले.

तोवर घरात बरंच बदललं होतं. बहीण सव्वीस वर्षांची झाली होती. आबा कुणाकडे स्थळाचा विषय काढेनासे झाले होते. मी म्हणायचो, एकदा तिचा खरा फोटो जमू दे, मग बघा. आबा म्हणायचे, "तू नगं आता त्यात पडू." तरी मी पडलो. एका रविवारी दुपारी ती शेंगा फोडून उठली, रांजणापाशी तोंड धुतलं आणि तोंड न पुसताच पडवीच्या दारात टेकली. दाराबाहेर शेजारची कुणी काहीतरी सांगत होती आणि बहीण ऐकत होती, हसण्याच्या बेतात. मी एकही घर जास्त दिलं नाही. एकच फोटो काढला.

तो छापायला मामांनी मला पहिल्यांदा अंधारखोलीत येऊ दिलं. लाल दिव्याखाली, ताटातल्या औषधात आधी गालाची कड आली, मग ओठ, मग डोळे. ती होती. काळी होती आणि तीच होती. मामांनी कागद वर धरला, पाणी निथळू दिलं आणि म्हणाले, "ह्याला पेन्सिल लावायची न्हाई." त्यांच्याकडून मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी.

शनिवारी मी फोटो घेऊन घरी पोचलो, तर स्थळ ठरलं होतं. पारगावकडचा बिजवर, पहिलीची दोन मुलं, जिरायत जमीन. त्याने फोटो मागितला नव्हता. "कामाला कशी हाय तेवढं सांगा," एवढंच त्याने विचारलं होतं, आणि आबा हो म्हणून आले होते. आई म्हणाली, पदरी पडलं पवित्र झालं. मी तावातावाने पाकीट काढलं आणि आबांपुढे धरलं. हा फोटो बघा, म्हटलं, हा पाठवला असता तर! आबांनी फोटोकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कुनाला पाठवला असतास?"

मी फोटो परत पाकिटात घातला.

मग मी फोटो घेऊन बहिणीकडे गेलो. निदान तिने तरी तो बघावा. कुणाला पाठवायचा म्हणून आता प्रश्न नव्हता. ती कशी आहे हे तिला सासरी जाण्याआधी कळावं, एवढंच राहिलं होतं. ती परसात भांडी घासत होती. हात धुऊन, पुसून, कडेला धरून तिने फोटो घेतला. खूप वेळ बघितला. मी वाट बघत होतो की ती काहीतरी खोचक बोलेल.

"दादा," ती म्हणाली, "खरं सांग. येवढी काळी हाय का रं मी?"

मला सांगायचं होतं की ही तूच आहेस, आणि याहून चांगला चेहरा माझ्या कॅमेऱ्यात आजवर आला नाही. दोन वर्षं ह्या एका फोटोसाठी घातली. सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिचे डोळे भरले होते, आणि माझ्यात तेवढी छाती नव्हती.

"न्हाई गं," मी म्हणालो. "माझा उजेड चुकला."

"तरीच," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून परत भांडी घासायला बसली.