नागोराव वायरमनचं लग्न

पालघर स्टेशनाजवळच्या जुन्या वखारीत साखरचं लग्न लागत होतं. भाताचा व्यापार बंद पडल्यापासून ती वखार लग्नकार्याला मिळायची. साखरचे वडील रेल्वेत मुकादम, मूळचे परभणीकडचे. जावईही तिकडचाच शोधला होता. नागोराव त्याचं नाव. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे तो वायरमन होता. साखरनं त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही चपलांपासून गुडघ्यापर्यंत.

अंतरपाट धरला गेला. भटजींची मंगलाष्टकं कर्ण्यावरून साऱ्या बाजारात घुमत होती. पंखे गरगरत होते, दिवे मात्र मधूनच मंद होत आणि पुन्हा उजळत. साखरला वाटलं, असंच असेल.

अचानक पलीकडून आवाज आला, "थांबा!" धाडधाड पावलं वाजली. दिवे गेले, कर्णा मुका झाला.

"अगं बाई, नवरा पळाला!" कुणीतरी ओरडलं. साखरची आई रत्नाबाई मटकन खालीच बसली.

"पळालो नाही हो!" भिंतीकडून नवऱ्याचा आवाज आला. "वायर जळल्याचा वास येतोय, मेन स्विच बंद केलाय. सगळे अंगणात चला, पोरांना आधी न्या."

आवाज चांगला आहे, एवढं साखरच्या मनात येऊन गेलं.

दारातून संध्याकाळचा उजेड येत होता. नवरदेव शेला कमरेला खोचून स्टुलावर चढला होता. वायरवरची लाकडी पट्टी त्यानं उचकटली तसा आतून धूर निघाला. वायरवरचं रबर भाजलेल्या पापडासारखं चुरत होतं. त्यानं फ्यूज उघडला, तर आत चांगली जाडजूड तांब्याची तार!

"ही कुणी घातली?"

वखारीचा राखणदार भिका पुढे आला. "मीच. फ्यूज सारका उडायचा. जाड तार घातली, मंग कदी उडला नाय."

"भिकाकाका, तो उडतो म्हणून तर घर वाचतं. तो उडाला नाही की भिंतीवरची वायर पेटते."

भिकाचा चेहरा पडला. तेवढ्यात भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय!"

"नाय टळत! बत्त्या आणतो, तुमी हुबे ऱ्हावा!" म्हणत भिका बाजाराकडे धावला.

अंगणात गॅसबत्त्या फुरफुरू लागल्या आणि मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली. अंतरपाट खाली आला. नवरदेवाच्या नाकावर काजळीचा पट्टा, मुंडावळ्यांत कोळिष्टकं! साखर खुदकन हसली. रत्नाबाईनं चिमटा काढला, तरी हसू आवरेना.

"काय झालं?" नागोरावनं हळूच विचारलं.

"नाक पुसा आधी."

नवऱ्याशी ती बोललेले हे पहिले शब्द. अंगणभर हशा पिकला.

पुढे सुट्टीच्या दिवशी नागोरावनं वखारीतली सगळी जुनी वायर काढून नवी घातली. स्टूल भिकानं धरलं आणि वायरचं वेटोळं साखरनं.

बोईसरला बिऱ्हाड थाटल्यावर नागोरावची एक खोड तिला कळली. कुणाकडेही गेला, की चहाआधी त्याचा हात बटणांच्या पाटीवर फिरायचा. साखरला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एकदा शेजारच्या गोजराबाईंकडे दोघं चहा पीत असताना तिनंच कप खाली ठेवला, पाटीला हात लावला नि म्हणाली, "हे बटण गरम लागतंय हो. आधी मेन बंद करा."

नागोरावला इतकं हसू आलं की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला.