एकाच मापाच्या दोन खुर्च्या

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडमागे आमची शेड आहे. तिथे अपंग मुलांसाठी मापाच्या व्हीलचेअर बनतात आणि ऑर्डरींचा कॉम्प्युटर मी सांभाळते. मालकांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि एक काम माझ्या गळ्यात पडलं: दोनदा चढलेल्या ऑर्डरी शोधायच्या, काम थांबवायचं, चौकशी करून एक काढून टाकायची.

ढिगानं सापडल्या. लोक फोनवर सांगतात, वर व्हॉट्सॅपवरही पाठवतात, आणि आम्ही दोन्ही चढवतो. मग भैरवगढची एक जोडी निघाली. बापाचं नाव तेच, मोबाइल तोच, बैठकीची रुंदी, पाठीची उंची, सगळं तेच. आमच्याकडे ऑर्डर बापाच्या नावावर घ्यायची पद्धत. पोराचं नाव कोण विचारतंय!

फोन आईनं उचलला. "दीदी, दोनों बनाना. जुड़वाँ हैं. दोनों को एक ही बीमारी है, अब बैठा नहीं जाता."

मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, असं सगळेच सांगतात. डॉक्टरांचे कागद मागवा. तोवर दोन्ही थांबवा."

"अहो, एक तरी सुरू करू द्या!"

"नियम म्हणजे नियम."

कसला डोंबलाचा नियम! पोरं तिकडे जमिनीवर पडून होती. मी रोज मालकांच्या मागे भुणभुण लावली, पण दवाखान्यातून कागद हातात पडेपर्यंत पावसाळा सरला. मग कुठे खुर्च्या बनल्या. टेम्पोबरोबर मी स्वतः गेले. दोघं शेजारी शेजारी बसलेले बघायची हौस होती मला.

आई दारात उभी होती, कापडछपाईच्या रंगानं हात निळे. एक खुर्ची तिनं उतरवून घेतली. दुसरीला हात लावला नाही.

"छोटावाला नहीं रहा, दीदी. अब एक ही चाहिए."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तिनं मलाच पाणी आणून दिलं.

परत येऊन ती ऑर्डर बंद करायला बसले. कारण निवडल्याशिवाय ती बंद होत नाही. पर्याय तीनच: माप चुकलं, ग्राहकाने रद्द केली, दुहेरी नोंद.

मालक मागून म्हणाले, "दुहेरी टाका आणि मोकळ्या व्हा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "दुहेरी नव्हता तो," मी ओरडलेच, "पोरगा होता!"

शेडमधलं काम थांबलं. मालक आत गेले.

ती ऑर्डर मी अजून बंद केलेली नाही.