पंचनाम्यातलं गोणपाट

ते गोणपाट आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जीपच्या बॉनेटवर घडी घालून ठेवलेलं, चिंब ओलं. मी ते पाहिलं होतं, पंचनाम्यात लिहिलंही होतं. तरी त्याचा अर्थ लागायला मला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत एका निरपराध माणसाचं आयुष्य जवळपास माझ्या हातून बिघडलं होतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नोकरी नवी होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सायखेड्याकडे गोदाकाठी शेती करत.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी ठाण्यात निरोप आला, की ओढ्यात रुतलेली जीप काढताना एक माणूस दगावला. मी आमच्या जुन्या हवालदारांना घेऊन निघालो. शहरातली सहा माणसं तीन जीप घेऊन आली होती. चिखलातून, ओढ्यातून गाड्या घालायच्या ही त्यांची हौस. मधली जीप चाकं बुडेपर्यंत रुतली, तेव्हा त्यांनी जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर बोलावला. तारेचा नवा दोर त्यांचाच होता. ट्रॅक्टरने ओढ घेतली आणि जीपचा बंपर उखडला. हूक आणि बंपरचा तुकडा दोरासकट उलटा ट्रॅक्टरच्या दिशेने आला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी त्यांच्यातलाच एक तरुण इंजिनिअर उभा होता. तो जागीच गेला.

उरलेल्या पाचही जणांनी जबाबात एकच सांगितलं: “ट्रॅक्टरवाल्याने अचानक जोरात झटका मारला.” शब्द तेच, क्रमही तोच. पाच माणसांनी एक अपघात पाहिला तर ती पाच वेगवेगळे अपघात सांगतात, हे मला पुढे अनुभवाने कळलं. तेव्हा मात्र मला ते जबाब भक्कम वाटले.

ट्रॅक्टरचालक अठ्ठावीस वर्षांचा होता. हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. महिनाभरापूर्वीच त्याची सरकारी खात्यात वाहनचालक म्हणून निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात, माझ्याच टेबलावर पडून होता. दोषारोपपत्र गेलं असतं तर ती नोकरी संपली होती.

“साहेब, झटका नाय मारला मी,” तो पुन्हा पुन्हा सांगे. “रांगत घेतला ट्रॅक्टर. हूक चेसिसला लावा, बंपरला नको, असं त्या मोठ्या साहेबांना सांगून मी वर चढलो. त्या इंजिनिअर साहेबांना पण म्हटलं, लांब व्हा. ते म्हणे, मला इथूनच इशारा द्यायला सांगितलंय. आन् दोरावर पोतं टाकलं होतं ना मी! भिजवून टाकलं होतं.”

“मग पोतं गेलं कुठं? ओढ्यानं नेलं?” हवालदार म्हणाले.

“ते मला काय म्हाईत, मामा? जीप दरडीखाली होती. ट्रॅक्टरवरून मला दोर अर्धाच दिसत होता.”

‘मोठे साहेब’ म्हणजे त्या गटाचा म्होरक्या. शहरातला कारखानदार, बोलण्यात चटपटीत. मी एकदोन प्रश्न विचारले तर हसून म्हणाला, “ऑफिसर, तुम्ही कधी ऑफ-रोडिंग केलंय?”

“नाही.”

“मग राहू द्या. यात टेक्निक असतं. गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला ते कुठून कळणार?”

मी वही मिटली. खरं सांगायचं तर अशा माणसांपुढे मी तेव्हा बिचकत असे. त्यांच्या इंग्रजीला बिचकत असे आणि आपलं गावठीपण उघडं पडेल याचीही धास्ती असे.

नवव्या दिवशी नाशिकचा एक स्टुडिओवाला ठाण्यात आला. घटनास्थळाचे फोटो काढायला आम्ही त्यालाच बोलावत असू. खुर्चीत टेकायच्या आत त्याने खिशातून एक पाकीट काढलं.

“साहेब, परवा एक गृहस्थ रोल धुवायला देऊन गेले. फोटो न्यायला आले तर म्हणाले, यातल्या दोन निगेटिव्ह कापा आणि माझ्यासमोर जाळा. वीस वर्षं धंदा करतोय. लग्नाचे फोटो जाळा म्हणणारे भेटलेत. ओढ्याचे जाळा म्हणणारा हा पहिलाच.”

“मग जाळल्या?”

“जाळल्या की. गिऱ्हाईक आहे. पण त्यातल्या एका फोटोचा रंग आधी बिघडला होता, म्हणून तो मी रद्दीच्या डब्यात टाकला होता आणि दुसरा काढला होता. डब्याचं त्यांना काय माहीत?”

फोटो हिरवट पडला होता, पण सगळं दिसत होतं. ट्रॅक्टर आणि जीप यांच्यामध्ये चकचकीत तारेचा दोर होता. दोरावर काहीच नव्हतं. हूक सरळ बंपरला होता. शेजारच्या जीपच्या बॉनेटवर गोणपाट होतं आणि म्होरक्या हात उंचावून कॅमेऱ्याकडे बघत हसत होता. मागे, ट्रॅक्टरच्या चाकाशी, तो इंजिनिअर.

हवालदारांनी चष्मा चढवला. “साहेब, दोर बघा. आधीच तंग झालाय. झटका बसतो तो ढिल्या दोराला. तंग दोराला कुठनं बसणार? पोरगं खरं बोलतंय.”

आणि तेव्हा मला माझे वडील आठवले. पावसाळ्यात आमच्या बांधावर खताची ट्रॉली रुतली की साखळी लावायची आणि साखळीच्या मधोमध पाण्यात भिजवलेलं पोतं टाकायचं. मी लहानपणापासून हेच बघत आलो होतो. वडील म्हणत, “साखळी तुटली तर पोत्याच्या वजनानं खाली बसंल. अंगावर नाय यायची.” पोतं टाकल्याशिवाय ते ट्रॅक्टर हलू देत नसत.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. मी पंचनामा काढला. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘एक जुने ओले गोणपाट, निरुपयोगी.’ लिहिताना क्षणभर मनात आलं होतं, हे नेमकं कशाला ठेवलं असेल? पण इतक्या शिकल्यासवरलेल्या लोकांसमोर पोत्याची चौकशी काय करायची, म्हणून मी पुढच्या ओळीवर गेलो होतो. चालक पोतं पोतं म्हणत होता, तेव्हाही त्याचा या गोणपाटाशी संबंध मी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्होरक्याला चौकशीसाठी बोलावलं. या वेळी मी बिचकलो नाही.

“हूक बंपरला कोणी लावला?”

“ट्रॅक्टरवाल्याने. दुसरं कोण लावणार?”

“दोरावर पोतं होतं?”

“कसलं पोतं? ऑफिसर, तुम्ही त्या माणसाच्या—”

मी फोटो टेबलावर ठेवला आणि काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसता येणं हे अर्धं काम असतं. त्याने फोटो बघितला, ग्लासातलं पाणी संपवलं, पुन्हा फोटो बघितला.

“चेसिसची कडी चिखलात बुडाली होती,” तो हळू म्हणाला. “कपडे खराब झाले असते. बंपर समोरच होता... आणि ते पोतं फार घाणेरडं दिसत होतं फोटोत. म्हटलं, एक फोटो काढू आणि परत टाकू.”

“परत टाकलं?”

त्याने नकारार्थी मान हलवली. “मी हात वर केला होता तो फोटोसाठी. चाकाशी जो उभा होता, त्याला वाटलं, ओढायचा इशारा. त्याने ट्रॅक्टरवाल्याला ‘चल’ म्हटलं.” “माझा लहानपणापासूनचा मित्र होता तो, साहेब.”

इतक्या दिवसांत त्याने मला पहिल्यांदाच साहेब म्हटलं. मला त्याचा आनंद झाला नाही.

बाकीच्या चौघांचे जबाब पुन्हा घेतले. या वेळी ते चार तऱ्हेचे निघाले, आणि खरे निघाले. ट्रॅक्टरचालकाचं नाव गुन्ह्यातून वगळण्याचा अहवाल गेला, म्होरक्यावर दोषारोपपत्र गेलं. पडताळणीच्या कागदावर मी ‘आक्षेप नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

चालक नोकरीवर हजर व्हायच्या आधी ठाण्यात येऊन गेला. आभार मानेल असं मला वाटलं होतं.

“साहेब, माझं पोतं कधी मिळंल?”

“मुद्देमालात जमा आहे. कोर्टाचं काम संपल्यावर.”

“म्हणजे आता दुसरं बघावं लागणार,” तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. खरं कसं उघड झालं तेही, आणि पंचनाम्यात काय लिहिलं होतं तेही. ते विळ्याला धार लावत होते. हात न थांबवता म्हणाले, “एवढा शिकलास. पोतं कशाला असतं, ते लिहिता नाय आलं व्हय?”

पुढे बरीच वर्षं मी नोकरी केली. अनेक गुन्हे उघडकीस आणले, काही सुटले नाहीत. पण घटनास्थळी गेलो की आधी स्वतःला विचारत असे, आपल्याला यातलं काय आधीपासून ठाऊक आहे आणि ते लिहायची आपण कशासाठी लाज बाळगतोय? शाळा-कॉलेजात शिकलेलं आणि बांधावर शिकलेलं, दोन्ही एकाच कागदावर लिहायला हरकत नसते. एवढं समजायला मला एक प्रेत बघावं लागलं.

त्या वर्षापासून माझ्या सरकारी जीपमध्ये स्टेपनीखाली एक गोणपाट कायम असे. निवृत्तीच्या दिवशी जीप ताब्यात देताना सामानाची यादी मी स्वतः लिहिली. जॅक, पाना, टॉर्च, दोर. शेवटच्या ओळीत लिहिलं: ‘गोणपाट, एक. दोर ओढताना भिजवून मधोमध टाकणे.’