कोऱ्या बाटलीतला पाहुणा

सुलभा मॅडम दर सोमवारी लॅबमध्ये आल्या की खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी एक छोटी बाटली माझ्या टेबलावर ठेवायच्या. "घे अश्विनी, कोरा कागद," म्हणायच्या. बाटलीत त्यांची लघवी असायची. नव्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं, मलाही झालं होतं. पण आमचं सगळं काम त्या बाटलीवर चालायचं.

चाकणच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध आमची लॅब. नवं औषध घेतलेल्या माणसांचं रक्त आणि लघवी आमच्याकडे यायची. पोटात गेल्यावर त्या औषधाचे काय काय तुकडे होतात आणि त्यातला एखादा यकृताला त्रास देतो का, हे आम्ही शोधायचो. मशीन आलेख काढतं, प्रत्येक पदार्थाचा एक सुळका. तपासणीची पद्धत बसवताना मात्र तुलनेला अशी लघवी लागते, की जिच्यात औषधाचा अंशही नाही. तिला ब्लँक म्हणतात. डोकं फुटायची वेळ आली तरी गोळी न घेणारं, चहासुद्धा न पिणारं माणूस आमच्यात एकच होतं, सुलभा मॅडम. एवढ्या कोऱ्या बाईशी गप्पा तरी काय मारायच्या, असं आम्ही पोरी त्यांच्यामागे म्हणायचो.

अनोळखी सुळक्याला त्या पाहुणा म्हणायच्या. "पाहुणा आलाय गं. हाकलायच्या आधी कुठून आलाय ते विचार." एकदा चौदा नंबरच्या नमुन्यात असाच एक बारीक सुळका निघाला. लॅबचे साहेब म्हणाले, "बाटली खराब असेल, रिपोर्ट आज जाऊ दे." मॅडम हटल्या नाहीत. तीन दिवस मशीनपुढचं स्टूल सोडलं नाही त्यांनी. तो यकृताला जाळणारा तुकडा निघाला आणि त्या माणसाचं औषध बंद झालं. मी विचारलं, "कोण होतं मॅडम ते?"

"आपल्याला नंबर कळतो, माणूस नाही." मग डबा उघडता उघडता म्हणाल्या, "आता जेवत असेल ना गं चौदा नंबर?" पुढे कितीतरी दिवस त्या मधूनच त्याची अशी चौकशी करायच्या आणि आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायचो.

चिखलीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. भाऊ परभणीला, त्याचा फोन दिवाळीत. एकदा रविवारी काही कागद द्यायला मी गेले. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या, एकीचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. "बस की. तू येशील म्हणूनच घेतली होती," असं म्हणून हसल्या. मला घाई होती. तळेगावला घरी परत जायचं होतं. मी उभ्यानं पाणी प्यायले आणि निघाले.

त्या हिवाळ्यात त्यांची बोटं सुजायला लागली. "झाकण उघडून दे गं, हाताला घाम आलाय," म्हणायच्या. आमच्याकडे साफसफाईला जवळच्या गावचे तुकाराममामा होते, त्यांना ते बरोबर दिसलं. "मॅडम, हात दुखत्यात व्हय? डॉक्टरला दावलं का न्हाई?" मॅडम म्हणाल्या, "थंडीनं हो, मामा."

त्यानंतरच्या एका सोमवारी कोऱ्या बाटलीच्या आलेखात सुळका आला. त्या दिवशी पद्धत बसवून द्यायची होती, साहेब दर तासाला चकरा मारत होते. मी वहीत लिहिलं, "बाटली दूषित, टाकून दिली," आणि माझ्या स्वतःच्या लघवीवर काम भागवलं. दुपारी मॅडमनी विचारलं, "आज पाहुणा आला होता का कुणी?"

"नाही मॅडम, बाटलीच खराब होती. टाकली."

"बरं," म्हणाल्या. पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा बाटली आणली. त्याच्या पुढच्याही. तिन्हींत तोच सुळका होता, तिन्ही मी तेच लिहून टाकल्या.

दोन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. चिंचवडच्या हॉस्पिटलात मी भेटायला गेले, तेव्हा सगळं कळलं. सांधेवात होता. कळलं तर लॅबच्या कामावरून उठवतील म्हणून लपवलेला. त्यावरची गोळी अशी, की ती चालू असताना यकृत वरचेवर तपासत राहावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांची यकृतं तपासणाऱ्या या बाईनं स्वतःचं तपासलंच नव्हतं. मला रागच आला. म्हटलं, "मॅडम, निदान मला तरी सांगायचंत!"

"सांगत होते की. दर सोमवारी." आवाज अगदी बारीक झाला होता. "मामांना खोटं सांगता आलं. तुला नसतं आलं, तुझ्या हातात आलेख होता. म्हटलं, ही विचारेल. विचारलं की सांगू."

मी त्यांचा सुजलेला हात धरून बसले. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. बाराव्या दिवशी त्या गेल्या. भाऊ आला, फ्लॅटची किल्ली घेऊन गेला.

आमच्या कामात वहीतलं काही खोडता येत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी कारण लिहून सही करायची. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी वहीतली त्या तीन सोमवारांची पानं उघडली आणि "बाटली दूषित" या शब्दांवर तीन ठिकाणी रेघ मारली. शेजारी कारण लिहिलं, "पाहुणा होता. मी विचारलं नाही." खाली सही केली.