आबांचं पासिंग

आमचे सासरे, आबा, कुठल्याच वस्तूला चांगली किंवा वाईट म्हणत नसत. त्यांच्या तोंडी दोनच शब्द होते, पास आणि नापास. घरात भोपळा आला की त्याच्यावर टकटक करून म्हणायचे, "पास." नव्या कुकरची शिट्टी फुसफुसली की, "नापास. फेरतपासणीला दुकानात न्या." खोपटच्या डेपोत त्यांनी आयुष्यभर बसगाड्यांखाली झोपून काम केलं होतं, त्यामुळे वस्तू आधी खालून बघायची सवय. पाहुण्यांनी दिलेला मिठाईचा पुडासुद्धा ते वर उचलून त्याचं बूड बघायचे. मग पाहुणेही वाकून बघायचे, की आपण नक्की काय आणलंय!

मला बघायला आमच्या गावी आले तेव्हाही तेच. चौथीत शाळा सुटल्यापासून परक्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नसे. मी चहा घेऊन आले, नाव विचारलं, तर मी नुसत्या कपबशा सरळ करत बसले. शेवटी आईने घाईघाईने सांगितलं, "सुमन नाव तिचं." आबा माझ्या वडिलांना म्हणाले, "सगळं पास आहे हो. हॉर्न तेवढा वाजत नाही. वापरात आला की वाजेल." सगळे हसले. राग यायला हवा होता, पण मलाही पदराआड हसू आलं.

वर्तकनगरला आमच्या इमारतीखाली दर रविवारी आबांचा दरबार भरायचा. ज्यांच्या मोटरसायकली जुन्या झाल्या, त्यांनी आरटीओत पासिंगला नेण्याआधी आबांना दाखवायच्या, असा रिवाजच पडला होता. आबा गाडीभोवती एक फेरी मारत, मग खाली बसत आणि बोलायला लागत. "चेन बघ, कपडे वाळत घालायची दोरी झालीये. टायर माझ्या टकलासारखा. ब्रेक तर तू गाडीला नाही, देवाला लावतोस." मालक बिचारा मान खाली घालून ऐकायचा.

एकदा शेजारचे तावडे भावजी आपल्या मेहुण्याच्या गाडीचे आरसे आणि इंडिकेटर काढून स्वतःच्या गाडीला लावत होते. पासिंग झालं की परत द्यायचे. सगळेच करतात असं. आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तावडे, उसने आरसे लावून पास झालात. उद्या मागून डंपर येईल तेव्हा काय मेहुण्याला फोन करून विचारणार?" तावडे भावजींनी त्याच दिवशी नवीन आरसे आणले. वर आबांना एक वडापाव दिला. तो मात्र खालून न बघताच पास झाला.

आबांची स्वतःची मोटरसायकल त्यांच्या लेकाच्या लग्नाहूनही जुनी. तिच्यावर बसून ते बाजारात जायचे आणि मला मागे घ्यायचे. घरात मी कमी बोलायची, पण मागच्या सीटवर बसले की मला गप्पा सुचायच्या. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

पुढे आबांना काचबिंदू झाला. रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब मीच घालायची, म्हणून मला आधी कळलं की त्यांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालंय. डावीकडे ठेवलेला चहाचा कप हमखास कलंडायचा. "कप नापास," आबा म्हणायचे, "बूड डगमगतंय." मी मुकाट्याने फडकं आणायची आणि पुढचा कप उजवीकडे ठेवायची.

आमच्या ह्यांनी एक दिवस विषय काढलाच. "आबा, बास झालं आता. गाडी विकून टाकू."

"पासिंग आलंच आहे तिचं," आबा म्हणाले. "ती पास झाली तर मी चालवणार. नापास झाली तर भंगारात. बोल दिलीप, मंजूर?"

ह्यांनी लगेच मंजूर केलं. गाडी नापास होईल असं ह्यांना वाटत होतं. मलाही तसं वाटत होतं, आणि नकोही वाटत होतं.

मग आबांनी गाडी अख्खी खोलली. ब्रेकला नवीन लायनर, नवीन चेन, फाटलेल्या सायलेन्सरला वेल्डिंग. आरटीओच्या कागदांसाठी सांगाड्यावर कोरलेल्या चासी नंबरावरचा गंज घासून त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि छाप स्वच्छ उमटली तेव्हा मला हाक मारून दाखवली.

पासिंगच्या दिवशी हे कामावर गेले होते, म्हणून आबांबरोबर मी निघाले. नाक्यावर डावीकडून रिक्षा आली. आबांनी वेग कमी केला नाही. त्यांना ती दिसलीच नव्हती.

"आबा! डावीकडे! थांबा!"

इतका मोठा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. केळीवाली वळून बघायला लागली. ब्रेक लागले, गाडी जागच्या जागी थांबली. रिक्षावाला ओरडला, "काका, दिसत नाय काय?" एरवी आबांनी त्याची रिक्षा टपापासून चाकापर्यंत नापास केली असती. त्या दिवशी त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवून रिक्षा बघून घेतली आणि गाडी हळू पुढे काढली.

आरटीओत साहेबांनी लाइट बघितला, ब्रेक बघितला, हॉर्न वाजवला. "काका, नवीन गाड्या इतक्या नीट नसतात. पास."

आबा हसले नाहीत. फाटकाबाहेर आल्यावर सीटवर बसले, किल्ली फिरवली, बंद केली आणि खाली उतरले.

"गाडीचं झालं. आता चालवणाऱ्याचं बघू. डावीकडचं दिसत नाही, सांगून ऐकत नाही. नापास."

"फेरतपासणी, आबा?" मी हळूच विचारलं.

"ह्या पार्टला फेरतपासणी नसते. माणूस बदलावा लागतो." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

मला गाडी येत नव्हती, आबा बसायला तयार नव्हते. मग आम्ही ती पास झालेली गाडी ढकलत घरी निघालो. आबांनी हँडल धरलं, मी मागून जोर लावला. वाटेत सगळ्यांना आमची दया यायची. "काका, पेट्रोल संपलं काय?" "पाय लावून ढकलू का मागून?" आबा प्रत्येकाला सांगत, "गाडी पास आहे!" शेवटी त्यांना धाप लागली. पुढचा एकजण थांबला तेव्हा मीच ओरडले, "गाडी ओके आहे दादा! आम्हालाच चालायची हौस आलीये!"

"वाजला," आबा धापा टाकत म्हणाले. "हॉर्न वाजला."

पुढे मैदानात त्यांनीच मला शिकवलं. खिडक्यांतून बायका बघायच्या आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "क्लच हळू सोड गं. नवऱ्यावरचा राग सोडतेस तसा, थोडा थोडा." मी पहिल्यांदा न पडता फेरी मारून आले तेव्हा ते काय म्हणतात म्हणून थांबले. त्यांनी आधी वाकून चाकं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "काठावर पास."

त्यानंतर डोळे तपासायला त्यांना मीच नेत असे. मागे बसून ते इंडिकेटरची आठवण करून द्यायचे, आणि डावीकडे काय चाललंय ते मी त्यांना सांगायची.

आबा गेल्या वर्षी गेले. गाडी आमच्या ह्यांच्या नावावर झाली, आणि यंदा तिचं पासिंग परत आलं. ब्रेकचं काम गॅरेजवाल्याने केलं. चेन मी ताणली. चासी नंबरावर पेन्सिल मीच फिरवली, पण छाप कुणाला दाखवावी ते कळेना. तावडे भावजी आपले चकचकीत आरसे घेऊन आले. मी नको म्हटलं. तेही आबांच्या आठवणीने हसले.

आरटीओत साहेबांनी सगळं बघितलं. कागदावरचं नाव वाचलं, मग मान वर केली. "मिस्टर कुठे आहेत? गाडी कोण चालवतं?"

"मी," मी मोठ्याने म्हटलं. रांगेतल्या शेवटच्या माणसानेसुद्धा वळून बघितलं.